नंदीच्या गावची चिचुंद्री

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडीत गेलात, तर बुल टेंपल रोडवर मोटारी दिसणार नाहीत. दिसतील त्या शेंगा. भुईमुगाच्या शेंगा! रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोत्यांवर ओतलेले ढीग. ओल्या, वाळवलेल्या, भाजलेल्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. कन्नडमध्ये शेंगेला ‘कडलेकाई’ म्हणतात आणि या जत्रेला ‘कडलेकाई परिषे’. जत्रा नावाला एका दिवसाची. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस आधीपासूनच रस्ता टरफलांनी भरून जातो आणि चालताना पायाखाली कर्रकर्र आवाज येत राहतो.

जत्रेमागची गोष्ट तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. इथं पूर्वी सुंकेनहळ्ळी नावाचं खेडं होतं. भुईमूग चांगला यायचा, पण रोज रात्री कुठूनसा एक बैल येऊन उभं पीक फस्त करायचा. एका रात्री चिडलेल्या शेतकऱ्यानं दबा धरला, काठी हाणली, आणि बैल जागच्या जागी दगड झाला. नुसता दगड झाला नाही, तर वाढायला लागला! शेवटी डोक्यावर लोखंडी त्रिशूळ ठोकला, तेव्हा कुठे थांबला म्हणे. तेव्हापासून नव्या पिकाची पहिली शेंग बसवाला, म्हणजे नंदीला. केंपेगौडानं १५३७ साली बांधलं असं सांगतात त्या देवळात हा नंदी बसला आहे. एका अखंड दगडातला, सुमारे पंधरा फूट उंच आणि वीस फूट लांब. मूळचा राखाडी, पण भक्तांनी तेल चोपडून चोपडून काळाकुळकुळीत झालेला.

शेंगा खाणाऱ्या बैलाचं असं देऊळ झालं. मी मात्र या जत्रेहून परत आले ती दुसऱ्याच एका प्राण्याची गोष्ट घेऊन. तो शेंगा खात नाही. त्याचं देऊळ तर सोडाच, त्याला पाहिलं की आपला हात आधी चपलेकडे जातो.

माझी मावशी लग्न होऊन बसवनगुडीत आली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. घर बैठं, मंगळुरी कौलांचं. पुढं ओसरी, मागं परसू, तिथं नारळ, कडीपत्ता, तुळस आणि धुण्याचा एक मोठा दगड. तिच्या मराठीत इतक्या वर्षांत ‘अय्यो’ आणि ‘साकु’ इतके मुरलेत की ती पुण्यात आली की रिक्षावाले तिला विचारतात, ‘आजी, कुठल्या तुम्ही?’ दर परिषेला ती वर्षाच्या चटणीच्या शेंगा घेऊन ठेवते. या वेळी मी बरोबर होते म्हणून पोतंभर घेतल्या आणि कोठीच्या खोलीत ठेवल्या.

त्याच रात्री कोठीत खुडखुड सुरू झाली. मावशी म्हणाली, “शेंगांचा वास लागला उंदरांना. येऊ देत, दोन खातील.” पण आम्ही पडलो फ्लॅटमधली माणसं! दुसऱ्या दिवशी गांधी बाजारात फुलं घ्यायला गेले, ती येताना उंदीर पकडायचा गोंदाचा पुठ्ठा घेऊन आले. पुस्तकासारखा उघडायचा, आत दाट चिकट गोंद फासलेला असतो, कोपऱ्यात ठेवून द्यायचा. विष नाही, पिंजरा नाही, कटकट नाही, असं दुकानदारानं सांगितलं आणि मला ते पटलं.

पहाटे कोठीतून आवाज यायला लागला. उंदराची चूंचूं नव्हे. बारीक, तीक्ष्ण, किल्ल्यांचा जुडगा हलवल्यासारखा. दिवा लावून पाहिलं, तर पुठ्ठ्यावर करड्या मखमलीचा एक गोळा पडून धडपडत होता. पाय रुतलेले, एक कूस चिकटलेली, आणि खोलीभर तो ओळखीचा उग्र वास. तेवढ्यात कामाला येणाऱ्या बाई आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्या ओरडल्याच, “अम्मा, इली अल्ला. सुंडिली!” उंदीर नव्हे, चिचुंद्री!

उंदीर नव्हे म्हणजे काय?

चिचुंद्री आपल्याला उंदराची नकटी, घाणेरडी बहीण वाटते. प्रत्यक्षात ती नकटी तर नाहीच, उलट तिचं नाक सोंडेसारखं पुढं आलेलं असतं. कन्नड ‘सुंडिली’त ती सोंडच आहे. आणि बहीण म्हणाल, तर उंदराशी तिचं नातं दूरदूरचंसुद्धा नाही. उंदीर कुरतडणारा. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो लाकूड, कापड, वायर जे मिळेल ते कुरतडतो. चिचुंद्रीचे दात बारीक, टोकदार, किड्याचं कवच फोडण्यासाठी घडलेले. तिचे खरे आप्त म्हणजे काटेरी हेजहॉग आणि जमिनीखाली बिळं करणारे मोल. तुमच्या साडीला भोक पडलं असेल, तर ते चिचुंद्रीनं पाडलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

मग ती शेंगांच्या पोत्याशी काय करत होती? उत्तर त्या पुठ्ठ्यावरच होतं. गोंदाला तीन झुरळं आणि एक रातकिडा चिकटला होता. चिचुंद्री आली होती त्यांच्या मागं. झुरळं, रातकिडे, भुंगेरे, वाळवी, कोळी, गोम, गांडूळ, गोगलगाय हे तिचं जेवण. कधी उंदराचं पिल्लू मिळालं तर तेही. उंबऱ्याशी सांडलेला पोळीचा तुकडा किंवा मोरीतलं खरकटंही ती सोडत नाही, हे खरं आहे; तेवढा आरोप मान्य करायला हवा. पण तिची रोजची वणवण किड्यांसाठी. म्हणजे मी उंदरासाठी लावलेल्या सापळ्यानं झुरळं धरली, आणि झुरळांनी झुरळं खाणारीला बोलावून आणलं!

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. बोलली काही नाही. आत जाऊन तेलाची किटली घेऊन आली. शेंगदाण्याचं तेल, तेही परिषेच्या शेंगांचं. गोंद पाण्यानं सुटत नाही, तेलानं सुटतो. हाताला जाड पिशव्या बांधल्या, चिचुंद्रीच्या डोक्यावर जुना पंचा टाकला (अंधारात ती जरा शांत होते), आणि चमच्यानं थेंबथेंब तेल सोडत एकेक पाय मोकळा करायला घेतला. घाई केली तर कातडी सोलून निघते. पंचा तिनं दोनदा कडकडून चावला. वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. अखेरीस तेलात निथळणारा तो एवढासा जीव खोक्यात ठेवला, तेव्हा बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. पोटाच्या मागच्या बाजूला आचळं टरटरलेली होती. कुठंतरी पिलं होती.

बाई परसात गेल्या आणि कुंडी उकरून दोन गांडुळं घेऊन आल्या. माझा विश्वास बसेना. एवढ्या छळानंतर कुठला प्राणी खाईल? पण गांडूळ नाकाला लागलं मात्र, तिनं ते पकडलं आणि शेवटासकट मटामटा खाल्लं. दुसरंही खाल्लं. मग खोकं धुण्याच्या दगडापाशी आडवं केलं. ती भिंतीला अंग घासत, तेलाची ओली रेघ मागं सोडत, नालीच्या तोंडात दिसेनाशी झाली.

बाय-टू कॉफीचा हिशेब

त्या खाण्यानं माझ्या मनाला चुटपुट लावली. मृत्यूच्या दारातून परत आल्या आल्या जेवायला बसणारी ही कसली भूक? घरी आल्यावर वाचलं, विचारलं, आणि उत्तर मिळालं ते बसवनगुडीच्याच भाषेत सांगते.

गांधी बाजारात उभ्यानं ‘बाय-टू’ कॉफी मागवा. एक कॉफी दोघांत वाटून, दोन छोट्या पेल्यांत. गप्पा मारत बसलात तर ती दोन मिनिटांत कोमट होते. आत भटारखान्यातलं मोठं पातेलं मात्र तासभर वाफाळत राहतं. दूध तेच, हवा तीच. फरक आकाराचा. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या वजनाच्या मानानं तिचा पृष्ठभाग जास्त. आणि उष्णता जाते ती पृष्ठभागातूनच. हत्ती हे पातेलं आहे. चिचुंद्री म्हणजे बाय-टू. अंग गरम ठेवायचं तर आत विस्तव सतत पेटता हवा, आणि विस्तवाला सरपण सतत हवं.

युरोपातली साधी चिचुंद्री असते आठ-दहा ग्रॅमची. ती दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके किडे आणि गांडुळं खाते. माझ्यापुरता हिशेब मांडायचा तर रोज बासष्ट किलो वरणभात! अर्धा दिवस जरी पोटात काही गेलं नाही, तरी ती मरते. एकादशी, संकष्टी, सोमवार सगळे पाळणाऱ्या माझ्या मावशीला मी हे फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “बिचारी. तिला कधी पुण्यच मिळायचं नाही गं.”

याच कुळातली सर्वांत लहान चिचुंद्री दक्षिण युरोपापासून आपल्या भारतापर्यंत आढळते. वजनाच्या हिशेबानं जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी तो हाच. सुमारे १.८ ग्रॅम! परिषेतल्या शेंगा सोलून तीन-चार दाणे तळहातावर घ्या, झालं तिचं वजन. त्या तीन-चार दाण्यांत मेंदू, फुप्फुसं, पिलांना दूध पाजायची सोय, सगळं काही आहे. हृदय मिनिटाला पंधराशेपर्यंत ठोके देतं. आपलं देतं सत्तर-बहात्तर. रोजचं जेवण वजनाच्या दीडपट-दुप्पट. ही चिमुरडी जवळजवळ स्वतःएवढ्या रातकिड्यावर झेप घेते, आणि तीही अंधारात, निव्वळ मिशांच्या स्पर्शावरून. डोळ्यांचा तिला फारसा उपयोग नसतो. थंडी पडली आणि खायला मिळेना, की ती अंगाचा विस्तव मुद्दाम मंद करते, गार पडून गुंगीत जाते आणि सरपण वाचवते.

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलुखातल्या चिचुंद्र्यांनी तर याहून अजब तोड काढली आहे. हिवाळा आला की त्यांची कवटी आणि मेंदूच आकसतात. कवटी पंधरा-वीस टक्क्यांनी लहान! मेंदू हा फार खर्चिक अवयव. तो लहान केला की भूक कमी. वसंतात पुन्हा बराचसा वाढवायचा. ऑगस्ट डेनेल या पोलिश शास्त्रज्ञानं १९४९ साली ही गोष्ट मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव मिळालं. परीक्षेच्या सुट्टीत आपल्या मुलांच्या मेंदूचं जे होतं त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही, असो.

आपली घरची चिचुंद्री या दोघींच्या मानानं चांगली भारदस्त. तीस ग्रॅमपासून ऐंशी ग्रॅमपर्यंत, नर मोठे. म्हणून तिची भूक इतकी प्राणघातकी नाही. तरीही रात्रभर थोडं फिरायचं, खायचं, थोडं निजायचं, पुन्हा उठायचं, असाच तिचा दिनक्रम. त्यात अंगावर पिलं असतील तर विचारूच नका. पिंजऱ्यात सापडलेली चिचुंद्री सकाळी मेलेली दिसते, तेव्हा आपण म्हणतो, ‘घाबरून मेली.’ धसका असतोच, पण रिकामं पोटही असतं. प्राणिशास्त्राचे अभ्यासक चिचुंद्र्या धरायला पिंजरे लावतात तेव्हा आत आधी खाणं ठेवतात आणि दर थोड्या तासांनी उठून पाहून येतात, ते यासाठीच.

मागची गल्ली

त्या सकाळनंतर मी बसवनगुडीत हिंडले ती खाली मान घालून. लोक इथं येतात ते देवळांसाठी, नाहीतर १९४३ पासून चाललेल्या विद्यार्थी भवनातला डोसा खायला. डोसा मीही खाल्ला, पण माझं लक्ष भिंतींच्या बुडाशी.

हा सगळा भाग वसला त्यात उंदरांचा मोठा वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला. पेठेतल्या दाट वस्तीत माणसं पटापटा मेली. मग गावाबाहेर हवेशीर वस्त्या उभ्या करायच्या कामाला जोर आला, उत्तरेला मल्लेश्वरम् आणि दक्षिणेला बसवनगुडी. सरळ रस्ते, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा, झाडं, आणि घरांच्या दोन रांगांमध्ये पाठीमागून एक अरुंद गल्ली. मैला वाहून नेणाऱ्या सफाई कामगारांनी तिथून यावं-जावं, ही त्या काळची रीत. मुंबईत हिलाच घरगल्ली म्हणतात. योगायोग पाहा, त्याच १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं, की प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे. उंदीर त्या दिवसापासून सरकारदरबारी शत्रू ठरला. आणि अंधारात पळणारं, करडं, शेपटीवालं जे जे दिसेल ते ते त्याच्याबरोबर मार खाऊ लागलं.

मावशीच्या पाठीमागची घरगल्ली मी टोकापासून टोकापर्यंत चालले. ओल, पालापाचोळा, फुटक्या कुंड्या, नारळाच्या करवंट्या, कडेनं उघडी नाली. आपल्या दृष्टीनं गलिच्छ. चिचुंद्रीच्या दृष्टीनं हा राजमार्ग. ती मोकळ्या जागेतून धावत नाही. एका कुशीला भिंत लागते आहे ना, हे मिशांनी चाचपत जाते. रुडयार्ड किपलिंगनं १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये रिक्की-टिक्की-टावी या मुंगसाच्या गोष्टीत चुचुंद्रा नावाचं एक रडवं पात्र घातलं आहे. खोलीच्या मधोमध यायची हिंमत नसलेलं, सदा भिंतीकडेनं फिरणारं. तो त्याला ‘मस्क रॅट’ म्हणतो, पण ती आपली चिचुंद्रीच. मुंबईत जन्मलेल्या त्या लेखकानं पाहिलं होतं अचूक. मात्र त्याला ती भेकड वाटली. ज्याला डोळ्यांनी धड दिसत नाही त्यानं भिंतीचा हात धरून चालावं, यात भेकडपणा कसला?

घरगल्लीत आता ठिकठिकाणी भिंती घातल्या आहेत. कौलारू घरं पाडून चार मजले उठले, की परसात फरशी येते, नाली झाकली जाते, गाड्या उभ्या राहतात. नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते अशी श्रद्धा आहे. त्या नदीचाच जिथं पुढं नाला झाला, तिथं नालीतल्या चिचुंद्रीचं काय घेऊन बसलात? शिवाय दर महिन्याला झुरळांचा फवारा. तो तिला मारतो किंवा नाही, तिचं ताट मात्र उचलून नेतो. उंदरांच्या विषारी गोळ्यांना किडेही तोंड लावतात, आणि ते किडे खाल्ले की विष हिच्या पोटात.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट लपवायची नाही. चिचुंद्री हातात घ्यायची वस्तू नव्हे. प्लेगच्या पिसवा तिच्या अंगावरही राहू शकतात. १९६४ मध्ये वेल्लोरच्या तोट्टपाळयममध्ये धरलेल्या चिचुंद्रीत हंटा जातीचा विषाणू सापडला होता. चीनमधल्या तापाच्या काही रुग्णांत लांग्या नावाचा नवा विषाणू मिळाल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं, तोही तिथल्या चिचुंद्र्यांत आढळला. तेव्हा अन्न झाकून ठेवावं, मोरीची जाळी नीट बसवावी, तिला उघड्या हातानं शिवू नये. तिच्या मागं झाडू घेऊन लागायचं मात्र काही कारण नाही.

वासाबद्दलही दोन शब्द. तिच्या दोन्ही कुशींवर ग्रंथी असतात, वास तिथला. मांजर तिला मारतं, पण बहुधा खात नाही ते या वासामुळं. गव्हाणी घुबड मात्र आनंदानं खातं. त्याच्या ओकलेल्या गोळ्यांत चिचुंद्रीच्या कवट्या भरपूर सापडतात. सापानं छछुंदर धरली की गिळवतही नाही आणि सोडवतही नाही, ही हिंदीतली म्हण याच वासावरून आलेली असणार. इंग्रज साहेबांची तर खात्री होती की चिचुंद्री बाटलीवरून नुसती चालून गेली तरी आतली दारू नासते! टी. सी. जर्डन या डॉक्टरनं १८६७ च्या आपल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरच्या पुस्तकात हे खोडून काढलं. विलायतेत भरलेल्या बाटल्यांना असा वास मला कधी आला नाही, असं त्यानं लिहिलं. म्हणजे दोष चिचुंद्रीचा नव्हे, इथं बाटल्या भरणाऱ्यांचा.

तमिळनाडूत तिचा मान मोठा. तिथं गणपतीच्या वाहनाला ‘मूंजूरु’ म्हणतात आणि मूंजूरु म्हणजे चिचुंद्री. बसवनगुडीत नंदीच्या देवळाशेजारीच दोड्ड गणपती आहे, अठरा फुटी, लोण्याच्या पूजेत तर पाहतच राहावा असा. त्या दिवसानंतर त्याच्यापुढं हात जोडताना माझी नजर पायाशी गेली. चिनी लोकांत तिचं नाव ‘पैशाचा उंदीर’. तिचा आवाज नाणी खुळखुळल्यासारखा, म्हणून ती घरात आली तर धन येतं असं मानतात. मला तो आवाज किल्ल्यांच्या जुडग्यासारखा वाटला होता. फार चुकले नव्हते.

आणि जपानी लोकांनी तर तिला प्रयोगशाळेतच नेऊन ठेवलं. कारण मजेशीर आहे. उंदराला ओकता येत नाही, चिचुंद्रीला येतं. थोडा वेळ हलवलं, की तिला घाटातल्या एस.टी.त आपल्याला होतं तसं होतं. प्रवासात मळमळणं आणि कॅन्सरच्या औषधांनी होणाऱ्या उलट्या यांवरच्या उपायांची चाचणी तिच्यावर १९८० च्या दशकापासून होत आली आहे.

ही आपली घरची चिचुंद्री जातीनं नामशेष वगैरे होणार नाही. जहाजांतून ती जगभर पोचली. मॉरिशस आणि ग्वामसारख्या बेटांवर तर ती तिथल्या पाली-सरड्यांच्या जिवावर उठली आहे. तिच्या चुलत बहिणींचं मात्र उलट. अंदमान-निकोबारमधल्या काही जाती जगात दुसरीकडे कुठंच नाहीत आणि त्या अगदी काठावर आहेत. तिथल्याच नारकोंडम बेटावरची एक नवी जात भारतीय शास्त्रज्ञांनी २०२१ साली जाहीर केली. जी अजून आपल्याला पुरती भेटलेली नाही ती जाण्याच्या बेतात, आणि जी रोज भेटते तिला आपण ओळखत नाही.

तिच्या पिलांबद्दल सांगायचं राहिलं. एका वेळी तीन ते सहा होतात, चिंध्या-कागदाच्या घरट्यात. जरा मोठी झाली की एक पिल्लू आईच्या शेपटीच्या मुळाशी दातांनी पकडतं, दुसरं पहिल्याच्या, तिसरं दुसऱ्याच्या, आणि सगळी आगगाडी भिंतीकडेनं निघते. इंजिन वळलं की डबे वळतात. मावशीनं ती गाडी एकदा पाहिली आहे, लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी, त्याच धुण्याच्या दगडापाशी. नव्या घरात करमत नव्हतं, एकटीच बसली होती, आणि समोरून ही वरात गेली. “मला हसूच आलं गं,” म्हणाली, “किती दिवसांनी.”

मी आणखी दोन दिवस राहिले. दोन्ही रात्री कोठीच्या दारापाशी कान देऊन बसले. काही ऐकू आलं नाही. परसात नालीच्या तोंडाशी तेलाचा डाग तेवढा होता. उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसले तेव्हा पिशवीत पाच किलो शेंगा होत्या, आणि उरलेले दोन पुठ्ठे मी फाडून कचऱ्यात टाकले होते.

पंधरा दिवसांनी मावशीचा फोन आला. परसात फरशी घालायची असं मावसभावानं ठरवलंय, कामगार मंगळवारी येणार, वगैरे सांगून झालं. मग म्हणाली, “कोठीत परत वास यायला लागलाय गं. घाणेरडा!” आणि हसली. “फरशीवाल्याला मी सांगून ठेवलंय, धुण्याच्या दगडाच्या अलीकडंच थांबायचं.”